चौदा इंच

रिक्षाचं नवं हूड टेलरबाईने स्वतः शिवलं होतं. त्यामुळे वाटेत कशाने दगा दिलाच तर तो हुडाने दिलेला नसेल, असं ती गल्लीत सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होती. जाड रेक्झिन, दुहेरी शिवण, गुंडाळून वर बांधता येतील असे दोन्ही बाजूंचे पडदे. मागच्या सीटखाली स्टोव्ह, दोन पातेली, अंथरुणं आणि सुट्या केबल्स. एकतीस वर्षं तिच्या नवऱ्याने एकाच शहरात रिक्षा फिरवली होती. आता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, रस्ता संपून समुद्र लागतो तिथपर्यंत ती न्यायची, असं त्याने मनावर घेतलं होतं. का, असं विचारलं की म्हणायचा, "इतकी वर्षं लोकांना त्यांच्या ठिकाणी सोडलं. आता जरा स्वतःला सोडून येतो."

स्टँडवर त्याला सगळे 'नकाशा' म्हणायचे. शहरातली एकही बोळ अशी नव्हती की जिथला खड्डा त्याला पाठ नाही. कुठल्या वळणावर गटाराचं झाकण वर आलंय, कुठल्या दवाखान्यासमोर लोक न बघता रस्त्यात उतरतात, सगळं डोक्यात. नव्या पोरांना पत्ता सापडला नाही की ती नकाशालाच फोन लावायची.

सकाळी सातला स्टँडवरच्या सगळ्या रिक्षांनी हॉर्न वाजवून त्यांना निरोप दिला. नकाशाचा जुना दोस्त पहिलवान पुढे आला. याला पहिलवान म्हणायचे कारण फुंकर मारली तर उडून जाईल अशी त्याची अंगकाठी. त्याने नकाशाचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. मग मागे वाकून टेलरबाईला म्हणाला, "वहिनी, डोळे उघडे ठेवा हं."

"मी काय झोपायला निघालेय का?" ती हसून म्हणाली.

पहिला तास झकास गेला. खडीच्या खाणीपर्यंतचा रस्ता नकाशाच्या सवयीचा होता. तो गुणगुणत होता, मध्येच आरशातून तिच्याकडे बघत होता. तिला लग्नानंतरचे दिवस आठवले. तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी तिला रिकाम्या रिक्षात बसवून उगाच शहरभर फिरवायचा.

खाण मागे पडली आणि त्याचं गुणगुणणं थांबलं. समोर वाळूचा एक ट्रक चालला होता. नकाशाने रिक्षा त्याच्या मागे लावली आणि ती तिथेच ठेवली. ट्रक हळू झाला की हा हळू, तो वळला की हा वळला. वाळूचे कण आत यायला लागले. टेलरबाईने पदर तोंडावर घेतला.

"अहो, काढा ना पुढे. रस्ता मोकळा आहे."

"असू दे. घाई कसली आहे?"

एकतीस वर्षांत हा माणूस कुणाच्या मागे धूळ खात गेल्याचं तिला आठवत नव्हतं. पण म्हटलं, वय झालं, शहाणपण आलं असेल. दोन तास ते त्या ट्रकच्या शेपटाला बांधल्यासारखे गेले. मग साडेदहाच्या सुमाराला ट्रक एका पेट्रोल पंपावर वळला आणि समोर नुसता मोकळा रस्ता उरला. नकाशाची मान ताठ झाली. हँडलवरच्या त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली तिला मागून दिसली.

पाचेक किलोमीटरवर एक गाव लागलं. डाव्या हाताला शाळा, उजव्या हाताला खेळाचं मैदान. शाळेच्या मावशी लाल झेंडा घेऊन रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या होत्या आणि त्यांच्या मागून पहिली-दुसरीची मुलं हात धरून रांगेने रस्ता ओलांडायला निघाली होती. टेलरबाईला ते सगळं लांबूनच दिसलं. आता रिक्षा हळू होईल, म्हणून ती सीटला टेकली.

रिक्षा हळू झाली नाही.

"अहो," ती म्हणाली. मग ओरडली, "अहो! मुलं!"

तो डावीकडे बघतच नव्हता. नाकासमोर बघत होता, जणू पुढे काहीच नाही. तिने मागून त्याच्या खांद्यावर दोन्ही हात मारले. त्याने ब्रेक दाबला तेव्हा पहिलं पोर अगदी समोर आलं होतं. रिक्षा रस्त्यातच आडवी फिरली, पातेली सीटखालून उसळून रस्त्यावर घरंगळत गेली, आरसा मावशींच्या हातावर आदळला आणि झेंडा आरशातच अडकून फडफडत राहिला.

पुढच्या चाकाखाली एक बूट होता. छोटासा, काळा, नाडीचा. टेलरबाईने तो पाहिला. बुटात पाय आहे की नाही हे बघायला मान वाकवायची होती, पण मान वाकेना. कुणीतरी तिची मान लाकडाची करून टाकली होती. शेवटी तिने पाहिलं. बूट रिकामा होता. वीतभर पलीकडे एक मुलगा एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा अशा अवस्थेत उभा होता. तो रडतही नव्हता, नुसता बुटाकडे बघत होता.

मग मुलांचं रडणं सुरू झालं. एक बाई वर्गातून धावत आल्या, त्यांनी मुलं गोळा केली, मोजली, पुन्हा मोजली. मावशी मनगट धरून रिक्षापाशी आल्या.

"ओ दादा! हातभर लाल झेंडा धरलाय मी! आंधळे आहात का?"

नकाशाचा चेहरा पांढराफटक पडला होता. टेलरबाई खाली उतरून हात जोडत राहिली, पातेली गोळा करत राहिली, काय बोलतेय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. मावशींनी शेवटी आरशातला झेंडा ओढून काढला. "जा आता इथून. तुम्हाला बघून मुलं आणखी घाबरतायत."

नकाशाने रिक्षा पहिल्या गिअरमध्ये टाकून चालण्याच्या वेगाने पुढे काढली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "झेंडा दिसला नाही तुम्हाला?"

"ऊन डोळ्यावर आलं गं."

टेलरबाईचा सगळा जन्म खिडकीशेजारी मशीन मांडण्यात गेला होता. उजेड कुठून येतो हे तिला घड्याळापेक्षा चांगलं कळायचं. ऊन त्यांच्या पाठीमागे होतं. तिने शिवलेल्या हुडाची सावली रिक्षाच्या पुढे पळत होती.

"थांबवा," ती म्हणाली.

"अगं, पुढे चहाची टपरी..."

"आत्ता. इथे."

रस्त्याच्या कडेला ट्रक तोलायचा एक बंद पडलेला वजनकाटा होता. त्याच्या ऑफिसची पांढरी भिंत होती, माणूस कुणी नव्हतं. नकाशाने रिक्षा थांबवली. तिने हात पुढे करून किल्ली काढून घेतली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खरं सांगा."

तो हँडलकडे बघत राहिला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "कडेचं दिसत नाही मला. समोरचं दिसतं. कडेचं गेलं."

"गेलं म्हणजे?"

"नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, ती नळी बारीक होत जाणार. औषध नाही."

"कधी म्हणाले?"

"तीन वर्षं झाली."

तीन वर्षं. ती मनातल्या मनात मागे मागे गेली. तीन वर्षांपूर्वी तो डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आला होता आणि 'नंबर वाढलाय' एवढंच म्हणाला होता. मग समोरच्या दिव्यांनी डोकं दुखतं म्हणून त्याने रात्रीची भाडी सोडली. मग मुलं फार दंगा करतात म्हणून शाळेची मुलं सोडली. घरात स्टुलाला अडखळायचा, पाण्याचा पेला लवंडायचा आणि ती म्हणायची, लक्ष कुठे असतं तुमचं? लोकांच्या सदऱ्यातला अर्ध्या दोऱ्याचा फरक तिला लांबून दिसायचा, आणि ताटासमोर बसलेल्या नवऱ्याचे डोळे दिसले नाहीत.

तिने पिशवीतून शिवणाचा खडू काढला. "उतरा खाली."

भिंतीपासून एका मीटरवर तिने टेप लावून त्याला उभं केलं. भिंतीवर त्याच्या नाकासमोर एक टिंब काढलं. "त्या टिंबावरून नजर हलवायची नाही. माझा हात दिसला की सांगायचं."

ती डाव्या टोकाला गेली आणि खडू धरलेला हात हळूहळू आत आणू लागली. टिंबापासून एक हात अंतर राहिलं. तो गप्प. वीतभर राहिलं. तो गप्प. तिला वाटलं, मुद्दाम करतोय. तिने बोटं हलवली, चुटकी वाजवली. चुटकी ऐकून त्याच्या पापण्या लवल्या, पण तो काही बोलला नाही.

"आता," तो म्हणाला.

तिने खूण केली. मग उजवीकडून. मग दोन्ही खुणांना टेप लावला. चौदा इंच. तिने पुन्हा मोजलं. माप चुकायची तिला सवय नव्हती, ते चुकलंही नव्हतं. पहिलीतल्या मुलाच्या गणवेशाची पाठ असते, तेवढं. तेवढ्यातून हा माणूस तीन वर्षं गर्दीत रिक्षा चालवत होता.

आणि मग तिला आणखी एक गोष्ट आठवली. पाच महिन्यांपूर्वी लेकीला आणि चार दिवसांच्या नातवाला दवाखान्यातून घरी आणलं होतं, ते याच रिक्षातून. टॅक्सी बोलवूया म्हणाली होती ती. तर हा म्हणाला होता, आजोबाची रिक्षा असताना?

"तू," ती म्हणाली. एकतीस वर्षांत तिने त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. दोघांनाही ते ऐकू आलं. "तू त्या बाळाला यातून आणलंस."

"तो रस्ता पाठ होता मला. डोळे मिटूनही..."

"गप्प बस!" तिचा आवाज चिरकला. "रस्ता पाठ असतो. माणसं पाठ असतात का? त्या पोराचा पाय बुटात असता तर?"

नकाशा भिंतीला टेकून खाली बसला. "मला समुद्र बघायचा होता गं. आहे तेवढ्यात. एकदा रिक्षा सोडली की संपलं सगळं, म्हणून सोडवेना. आणि तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असतीस."

"मग? घ्यायलाच हवी होती!"

तिने पहिलवानाला फोन लावून वजनकाट्याची जागा सांगितली. "रिक्षा न्यायला या. असाल तसे निघा." का, असं त्याने विचारलं नाही. हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दीडच्या सुमाराला पहिलवान बसमधून उतरला तेव्हा दोघं वजनकाट्याच्या दोन टोकांना बसले होते, अनोळखी माणसांसारखे. घरून आणलेल्या जेवणाच्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. टेलरबाई उठून सांगायला लागली, "भाऊजी, तुम्हाला खरं वाटणार नाही, पण यांना..."

पहिलवान भिंतीवरच्या खुणांकडे बघत होता. मग त्याने मान खाली घातली.

तिचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"वहिनी..."

"माहीत होतं तुम्हाला!"

"स्टँडवर सगळ्यांनाच आहे, वहिनी. वर्ष झालं. आम्ही त्याला लांबचं भाडं देत नव्हतो. स्टँड ते दवाखाना, दवाखाना ते बाजार, सरळ सरळ रस्ते. वळणाचं भाडं आलं की आमच्यातला कुणीतरी घ्यायचा. गर्दी असली की कुणीतरी रिक्षा पुढे ठेवायचा, त्याने मागून यायचं." तो चाचरला. "आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार. बायकोला नसणार कसं? सकाळी मी म्हटलंसुद्धा, डोळे उघडे ठेवा. वाटलं, तुम्ही कडेचं सांगत जाल."

टेलरबाईला हसू आलं. ते कसलं हसू होतं हे तिलाच कळेना, पण ते थांबेना. सकाळचे ते हॉर्न तिला आठवले. बारा-पंधरा माणसं, सगळी शहाणीसुरती, सगळी लेकरंबाळंवाली. सगळ्यांनी मिळून एका न दिसणाऱ्या माणसाला हात हलवून हायवेवर सोडलं होतं.

"म्हणजे दोस्ती निभावलीत," ती म्हणाली. हसू एकाएकी थांबलं होतं. "एवढे सगळे मिळून दोस्ती निभावत होतात, आणि मरणार कोण होतं? ज्याला तुमच्यातल्या कुणाचं नावही माहीत नाही तो."

पहिलवान उभ्या उभ्या आणखी बारीक झाला. "घरी नेतो चला," तो पुटपुटला.

"आधी शाळेत."

"वहिनी, आता कशाला? झालं गेलं..."

"शाळेत," ती म्हणाली.

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. मावशी व्हरांड्यात बसून एका हाताने कागद आवरत होत्या. दुसऱ्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. तिघांना बघून त्या उठल्याच. "पुन्हा आलात?"

टेलरबाईने नवऱ्याला पुढे केलं आणि स्वतः बाजूला झाली. आतून मुलांचे पाढे ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "सकाळी तुम्ही विचारलंत, आंधळे आहात का. हो. होत चाललोय. मला माहीत होतं. तरी चालवली."

मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या.

"मला वाटलं, फोनवर बोलत होता," त्या हळूच म्हणाल्या. "हे... हे तर त्याहून वाईट."

नकाशाने खिशातून लायसन्स काढून त्यांच्यापुढे धरलं. मावशींनी हात मागे घेतला, जणू ते भाजेल. "मला काय देताय? ज्यांनी दिलं त्यांना परत करा. आणि आजच करा. उद्या तुमचं मन बदलेल. माणसाचं बदलतं."

"तो बूट," टेलरबाई म्हणाली. "त्या मुलाला नवीन जोड..."

"राहू द्या. नवीन बूट मिळाला तर तो उद्या दुसराही कुणाच्या तरी चाकाखाली घालून येईल." मावशी हसायला गेल्या, पण त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पट्टीच्या हाताने ते पुसले आणि दुखलं म्हणून कळवळल्या.

परत येताना पहिलवान पुढे बसला. नकाशा सवयीने पुढच्याच बाजूला गेला, हँडलला हात लावला, मग थबकून मागे आला. चढताना हुडाचा दांडा कपाळाला लागला. टेलरबाई सरकून बसली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण समोरून गाडी आली की तिचे हात आपोआप सीट घट्ट धरत होते.

तासाभराने तो म्हणाला, "मागे बसलं की एवढी हादरते ही रिक्षा?"

"हो."

"कुणी कधी बोललं नाही."

"सगळे बोलायचे. तू कधी ऐकलं नाहीस."

पुढून पहिलवानाने खोकल्यासारखं केलं.

सव्वापाचला ते त्यांच्या शहरातल्या लायसन्स ऑफिसात पोहोचले. खिडकीतला कारकून दप्तर आवरत होता. "नूतनीकरण का? उद्या या."

"परत करायचंय," टेलरबाई म्हणाली.

"हरवलंय?"

"नाही हो, हे काय हातात आहे. परत करायचंय."

कारकुनाने चष्मा वर केला. नूतनीकरणाचा फॉर्म होता, हरवल्याचा होता, पत्ता बदलल्याचा होता. लायसन्स स्वतःच्या पायांनी परत करायला आलेला माणूस त्याने उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. त्याने आतल्या साहेबांना विचारलं, साहेबांनी कपाट उघडून बघितलं. शेवटी म्हणाले, कोऱ्या कागदावर अर्ज लिहा. अर्ज पहिलवानाने लिहिला. सही नकाशाने केली. ती मात्र त्याने नीट, एका ओळीत केली, कारण सहीएवढं त्याला दिसत होतं. कारकुनाने लायसन्सला टाचणी लावली आणि शिक्का मारला. एकतीस वर्षं दोन मिनिटांत ट्रेमध्ये पडली.

घरासमोर रिक्षा थांबली तेव्हा अजून उजेड होता. पहिलवानाने सीटखालून स्टोव्ह ओढायला घेतला. "सामान उतरवू ना, वहिनी?"

ती सामानाकडे बघत राहिली. मनात राग तसाच होता, जराही कमी झाला नव्हता, आणि त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं. त्याला काय नाव द्यायचं ते तिला ठरवता येईना. अजून किती दिवस दिसेल असं डॉक्टर म्हणाले होते, हेसुद्धा अजून तिने विचारलेलं नव्हतं.

"उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे," ती म्हणाली. "मी येणार सोबत. सगळं मला ऐकायचंय. स्टँडवरही येणार आहे मी, एकेकाशी बोलायला. सांगून ठेवा त्यांना."

"सांगतो."

"आणि सामान राहू दे आहे तिथे. परवा सातला या. पुढे तुम्ही बसायचं, थेट समुद्रापर्यंत. पंधरा दिवस लागतील नाहीतर महिना, मला काही ऐकायचं नाही."

पहिलवानाने मान डोलावली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

नकाशा दाराकडे चालायला लागला होता. ती मागून गेली आणि तिने त्याचं कोपर धरलं. "पायरी आहे."

"ही माहीत आहे मला. घरची पायरी पाठ नसेल का?"

"तेच तर," ती म्हणाली. पण कोपर सोडलं नाही.